घोटिंगावरचा माळा

चरावण्याच्या वरच्या अंगाला, घोटिंगावर
अजून आहे तो माळा.
किंदळीच्या पाच फळ्या, केवणीचा दोर,
आणि खोडात सोमल्यानं कोयतीनं पाडलेल्या खाचा,
त्याच्या ढांगेच्या मापानं.
सोमलो गेला. ढांग झाडावर राहिली.

काल चढलो.
तिसऱ्या खाचेवर गुडघा म्हणाला, पुरे.
मी म्हटलं, अजून अकरा आहेत.

बंदूक निवडणुकीत वाळपईच्या ठाण्यात जमा केली,
ती परत आणायला गेलोच नाही.
कमरेला नुसता पानाचा डबा.

पूर्वी इथं रात्रभर खोकला गिळून बसायचो.
आता दोनदा उतरावं लागतं लघवीला.
उतरतोय कोण? वरूनच सोडली.
वाऱ्याला सगळी बातमी.

तरी आली भेकरी.
नाक उडवलं, मान वर करून
सरळ माझ्याकडं बघितलं
आणि घोटिंगं चघळत राहिली.

मला राग आला. खरंच आला.
बोट आपोआप वाकलं,
डब्याचं झाकण वाजलं, टक्.
तेव्हा कुठं भुंकत पळाली.

बरं वाटलं.

उजाडताना दत्तगुरू शिडी घेऊन आला,
काही विचारलं नाही त्यानं.
अ‍ॅल्युमिनियमची शिडी,
पायऱ्या अगदी जवळजवळ.