भात्यात सापडलेलं

मी तिला आतून ओळखतो. म्हणजे तिच्या पेटीला.
रॉब्सटाउनला टायरवाल्याशेजारी माझं दुकान,
पाटीवर निकानोर, खाली बारीक अक्षरात
अकॉर्डियन, शिलाई मशीन, कुलपं.
लोकांना एर्लिंदा साउसेदा माहीत आहे ती पोस्टरवरची,
पांढऱ्या बुटांतली, मान मागे टाकून हसणारी.
मला कळते ती स्क्रू काढल्यावर.

पहिल्यांदा बाप घेऊन आला. पोर अकराची,
पेटी तिच्या छातीहून रुंद.
भात्याच्या घडीघडीत कापसाचा भुसा,
ट्रकमध्ये उन्हात राहून मेण ओघळलेलं,
पितळी पाती एकमेकींना चिकटलेल्या.
"बांधावर बसून वाजवते," बाप म्हणाला,
चोरी कबूल करावी तसं.
पैसे नव्हते. अर्धं पोतं कांदे ठेवून गेला.
पोरीच्या उजव्या बोटांवर वळ होते:
शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल.
त्याच बोटांनी तिने बटणं चाचपली,
एक दाबलं, आणि माझ्याकडे असं बघितलं
की बिघाड माझ्यात असावा.

मग भात्यातून नकाशा निघत गेला.
मिनेसोटाच्या बीटाच्या शेतातली काळी माती.
लग्नातले तांदूळ. बिअर, बिअर, पुन्हा बिअर.
एक निळी टिकली, झग्यावरून गळलेली,
मधल्या सुराच्या पातीखाली अडकून
तीन महिने प्रत्येक पोल्का बोबडी करत होती.
मी एकदाच गेलो होतो ऐकायला, ॲलिसच्या हॉलमध्ये.
जोडपी घड्याळाच्या उलट फिरत होती,
म्हाताऱ्यांच्या टोप्या, पोरींचे पदर नसलेले खांदे,
आणि दाराशी तिचा नवरा एलिगिओ
अंगठा थुंकीने ओला करून नोटा मोजत.
मी अर्ध्यात निघालो. वरचा एक सूर
केसभर चढा लागत होता, मला नाचणं सुचेना.

त्या वर्षी तिने स्वतः पेटी आणली.
"आवाज बसलाय हिचा," म्हणाली, आणि बाहेर उभी राहिली.
उघडली. खर्जाच्या बाजूला
चिकटपट्टीने लावलेल्या नोटा, शंभराच्या,
जुन्या, घामट, एकावर एक.
मी शिलाई मशीनवाल्या बाईला परत पाठवलं.
दार लोटलं. नोटा मोजल्या नाहीत.
त्या असतील तशाच ठेवून
त्यांच्या भोवतीने सूर लावले,
घरात कुणी निजलेलं असताना केर काढावा तसे.
"खर्ज थोडा घोगरा राहील," मी सांगितलं.
"राहू दे," ती म्हणाली. "अजून वर्षभर."

दीड वर्ष लागलं.
बस माझ्या दारात थांबली, चालवत होती ती.
बसवरचं एलिगिओचं नाव खरवडलेलं,
रंग लावायला वेळ मिळाला नव्हता.
पेटी उघडली तर आत फक्त चिकटपट्टीचे डाग.
खर्ज असा मोकळा की पत्र्याचं छत थरथरलं.

ह्यूस्टन, मोंतेरेय, टीव्ही, सोन्याची तबकडी,
हे तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारा.
त्या दिवसांत पेटी माझ्याकडे आलीच नाही,
तिला तेव्हा इटलीहून नव्या येत.
नंतर कीबोर्डवाली पोरं आली,
नंतर ती गाड्यांच्या शोरूमच्या उद्घाटनाला वाजवायची,
फुग्यांच्या कमानीखाली, दुपारी दोनला.

मागच्या मंगळवारी आली. जुनीच पेटी.
बोटांचे सांधे सुजलेले, बूट साधे.
"वरचा एक उतरलाय."
मी वाजवला. ती वाकली. मी वाकलो.
दोघांनाही काही ऐकू येईना,
वरच्या सुरांचा मजलाच माझ्या कानातून गेलाय, तिच्याही.
ती हसायला लागली. मग मीही.
शेवटी शेजारून टायरवाल्याचा पोरगा बोलावला,
ग्रीस लागलेले हात पुसत उभा राहिला,
तेरा-चौदाचा, तिला ओळखत नव्हता.
ती एकेक बटण दाबत गेली
आणि तो मान हलवत गेला, नाही, नाही, नाही,
थांबा.
"हा. हा रडका आहे."

तिने तो सूर पुन्हा दाबला, बराच वेळ,
आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.