नात्याचा रकाना

प्रशिक्षण बेलापूरला, मुख्यालयात.
गेलो, कारण हजेरी लागणार होती.
वडे बरे होते.
मनवा सुर्वे नावाच्या बाई बोलल्या
(आधीचं नाव विचारायचं नसतं,
हे पहिल्याच मिनिटाला कळलं).
म्हणाल्या, "तुमच्या खिडकीपाशीच
आमचा निम्मा जन्म अडकतो."
मागचे हसले. मीही, थोडा.

मग मार्च. घणसोली विभाग कार्यालय,
मृत्यू नोंदणी.
पन्नाशीचे गृहस्थ, शर्टाची बटणं वरखाली.
मृताचं नाव : विश्राम तांडेल.
माहिती देणारा : हेरंब करगुटकर.
मृताशी नातं?
ते काचेकडे बघत राहिले.
"मित्र लिहा.
भाडेकरारातही तेच आहे,
दवाखान्यातही."

एकवीस वर्षं भरतोय हा रकाना :
मुलगा, सून, पुतण्या, शेजारी.
मागे रांग खाकरली.

परिपत्रक टेबलाच्या काचेखालीच होतं,
वर चहाचा डाग :
अर्जदार सांगेल ते नातं नोंदवावं.
मी पेन सरकवलं.
"तुम्हीच लिहा. जागा भरपूर आहे."
नव्हती खरं तर.
शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं.

शिक्का मारला,
जरा बाजूला,
त्यावर शाई येऊ नये म्हणून.