मेळ्यातून येताना

दौलतगंजचं घर सोडलं तेव्हा
कालिंदीने खडूने भिंतीवर लिहिलं होतं
कोणती वस्तू कोणाची:
शिसवी कपाट धाकट्या दिराचं,
मिक्सर समोरच्या गुड्डीच्या लग्नाला,
डबे ज्याला हवे त्याला.
तीन दिवस लोक येत राहिले.
तिसऱ्या रात्री ती शिंकली
आणि तिच्यामागून खोली शिंकली.
आम्ही इतके हसलो
की खालचे पाठकजी वर आले, सब ठीक है ना?

आता थाटीपूरला दीड खोली.
अर्धीत मी उभ्याने दाढी करतो,
ती बसून मेथी निवडते.
दोन्ही एकदम चाललं असेल
तर कोणीतरी पाय आवरायचे.

पाण्याचे मीटर वाचायची नोकरी माझी.
छत्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकलो.
जिन्याखाली काय असतं ते मला विचारा:
मोठ्या झालेल्या पोरांचे पाळणे,
न उघडलेली खोकी, सायकलींचे सांगाडे,
आणि सगळ्यांना धरून ठेवणारी कोळिष्टकं.
आमच्याही जिन्याखाली हेच होतं.
तिथलं रीडिंग मी कधी घेतलं नाही.

जानेवारीत मेळा लागला.
दर वर्षी मेळ्यातून काहीतरी घरी आलंच,
आधी टांग्यातून, मग टेम्पोतून:
खुर्जाच्या बरण्या, सहारनपूरचं कोरीव टेबल
(त्यावर काही ठेवलं की डुगडुगायचं),
एका साली तर स्कूटर, करात सूट होती म्हणून.
मला चालवता येत नव्हती.

यंदा धुक्यात निघालो, पिशवी न घेता.
पिशवीशिवाय मेळा म्हणजे
अनवाणी चालल्यासारखं वाटलं,
पहिल्या फाटकापर्यंत.

परातीएवढा पापड घेतला,
अर्धा आम्ही खाल्ला, अर्धा वाऱ्याने.
मला वाटलं होतं, मन मारावं लागेल.
मारायला शोधलं तर ते जागेवर नव्हतं,
पलीकडे मौत का कुआँच्या कठड्याला टेकून
फुकटात मोटारसायकलचा आवाज ऐकत होतं.

खुर्जावाल्यांच्या रांगेत इर्शादमियाँ अजून बसतात,
गवतातून एकेक बरणी काढत.
"भाभीजी, इस साल?"
तिने निळ्या फुलांची एक उचलली,
झाकण काढून आत डोकावली,
टिचकी मारली,
आणि कानाशी धरून ऐकत राहिली
आवाज पुरता विरेपर्यंत.
मग होती तिथे ठेवली, गवत नीट सारून.
त्यांना वाटलं, भाव पाडतेय.
चाळीस उतरवले. मग साठ.
"नहीं मियाँ," ती म्हणाली, "मेरा हो गया."

घरी येऊन कोट खुंटीला लावताना
(खुंटी आता एकच, दोघांत)
खिशातून पत्र्याच्या दोन पट्ट्या पडल्या,
सुईत दोरा ओवायच्या. दहाला जोडी.
मी चोरासारखा उभा.
कालिंदीने एक उचलून दिव्यासमोर धरली,
तिच्या बारीक तारेतून माझ्याकडे बघितलं.
"अहो, पण सुई?"

सुई शिवणाच्या डब्यासकट गुड्डीकडे गेली होती.
"एक तिला देऊ," मी म्हटलं.
"आणि दुसरी?"

मी विचार करत होतो तोवर
ती सपाता घालून, शाल लपेटून
शेजारणीची कडी वाजवत होती.