फरक स्पष्ट करा

अथेन्स आणि स्पार्टा. गुण पाच.
नववीचे एकेचाळीस पेपर,
आणि सावईवेऱ्यात दुपारपासून वीज नाही.

सगळ्यांनी पट्टी धरून मधोमध रेघ मारली आहे.
डावीकडे अथेन्स: वादविवाद, नाटकं, ऑलिव्हचं तेल.
उजवीकडे स्पार्टा: सातव्या वर्षी मुलगा बराकीत,
लोखंडाची नाणी, आणि तो काळा रस्सा
जो मी वर्गात समजावला होता
कुळथाच्या कळणात डुकराचं रक्त, असं म्हणून.
पहिल्या बाकावरची नाकं एकदम मुरडली होती.

दोन्ही गावं त्याच देवांना नवस बोलत
आणि एकमेकांची झाडं तोडत,
हे कुणीच लिहिलेलं नाही.
आपल्याकडे ते शिकवावं लागत नाही:
वरचा वाडा, खालचा वाडा,
पालखी आधी कुणाच्या दारात टेकायची.

दीक्षिता म्हाळू गावडे, हजेरी क्रमांक सतरा,
हिने दोन रेघा मारल्या आहेत.
तिसऱ्या रकान्याचं नाव: दोन्हीकडे.

‘दोन्हीकडे पिकवणारा वेगळा, जेवणारा वेगळा.
स्पार्टात हेलट, अथेन्समध्ये गुलाम.
चांदीच्या खाणीत ते सरपटत जात.
स्पार्टाच्या मुली शर्यतीत धावत, ते मला आवडलं,
पण त्या धावून आल्यावर
पाणी कोण देत होतं ते पुस्तकात नाही.
अथेन्समध्ये सभेला उशीर करणाऱ्यांना
लाल रंगात भिजवलेल्या दोराने हाकत.
कपड्याला रंग लागला की दंड.
दोर धरणारे गुलाम होते.
त्यांच्या हातांना रोजच रंग लागत असणार.
त्यांना दंड नव्हता,
कारण ते मोजणीत’

इथे घंटा झाली असावी.
प्रश्न सहावा कोरा आहे.

बोर्डाच्या नमुना उत्तरात रकाने दोन.
मेणबत्ती ताटलीत चिकटवून मी बसून राहते.
आमच्या घरचं नाव कोमुनिदादच्या वहीत आहे,
वर्षाला वाटा येतो, एका दिवसाच्या मासळीपुरता.
नाव आज्याचं, मग बाबांचं, आता भावाचं.
तो दुबईत असतो.
लाल पेन गळतंय.

सकाळी म्हाळू आला, खांद्यावर काथ्याचा दोर.
माडावर अर्ध्यात थांबून विचारलं,
‘बाई, चेडवाक कितले मार्क पडले?’
‘तपासतेय अजून,’ म्हटलं. खोटं नव्हतं.
मग मीच विचारलं, वरून दोन्ही वाडे दिसतात का रे?
‘दिसतात की. नदीपलीकडची खाणसुद्धा दिसते.
पण नुसतं बघत राहायला कोण पैसे देतो?’

नारळ पडू लागले. मी मोजत होते.
चौदावा गडग्यापलीकडे, शेजाऱ्यांच्या कुळागरात गेला.
असल्याच एका नारळावरून आज्याने
फोंड्याच्या कोर्टात अकरा वर्षं काढली;
वकिलाच्या फीपायी खालचा तुकडा विकला,
तो विकत घेतला शेजाऱ्यानेच.

म्हाळू उतरला. पायातला दोर सोडला.
गडगा ओलांडून गेला, पलीकडच्या म्हातारीशी
पावसाबद्दल काहीतरी बोलला, हसला,
आणि नारळ घेऊन परत आला.
‘किती झाले?’ त्याने विचारलं.

मी आकडा विसरले होते.
त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.