तीन मुठी

मे महिन्यात प्लास्टिकचा कॅन फुगला
होडीच्या फळीखाली, गाभण म्हशीसारखा.
झाकण सैल करताना असा काही फुस्स आवाज आला
की मी दोन पावलं मागे सरले,
आणि पुढ्यात बसलेला पाहुणा
डॉल्फिन कुठे, डॉल्फिन कुठे, करत
खिशात काडेपेटी चाचपत होता.

म्हणून आज भरडावर, आरोलकराच्या दुकानात.
दारात जाळी आणि नायलॉनच्या दोऱ्या,
आत अंधारात लोखंडाचा थंड वास.

"ह्यो घे. नवो. रंग बघ कसो लालभडक."
मी नखाने टिचकी मारली.
पत्रा पापडासारखा बोलला.
जोड नुसता दुमडून ठोकलेला, वेल्डिंग नाही.
लाल रंगाला काय चाटायचंय?
आमच्याकडे वारा रोज मीठ घेऊन येतो,
रंगाला कुठे चीर आहे ते बोटाने शोधत बसतो,
आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटताना आपल्याला कळतं
की तळ श्रावणातच गेला होता.

"मगे ह्यो. मिलिटरीचो. बेळगावसून इलो."
हिरवा, जड, एका कुशीत पोचा.
पोचा कुठल्या डोंगरात पडला
ते आरोलकर सांगत बसला.
मी टॉर्च लावून आत बघत होते.
गंज नाही. तांबूस लेप, अखंड,
नव्या मडक्याच्या पोटासारखा.
झाकणाची कळ दाबली. खट्.
रबर चिमटीत ताणलं, जागेवर परत आलं.
मग बादलीभर पाणी मागितलं,
भरला, बंद केला,
आणि त्याच्याच वहीवर उलटा धरला.
"गे बाय, उधारीची वही ती!"
थेंब नाही.
वही कोरडी, उधारी होती तशीच.
"आता दोन दीस उन्हात सुकव," म्हणाला, रागाने.

तेवढ्यात मस्कतहून फोन.
घरधनी तिकडे टगबोटीवर.
"प्लास्टिकचोच घे, हलको आसता."
तेलाच्या देशात राहतो, त्याला सगळं हलकं.
तिथल्या वाळूखालून निघालेलं ते
जहाजातून, टँकरमधून
मालवणच्या पंपावर येईतो शंभरी ओलांडतं,
आणि तिथून देवबागपर्यंत
माझ्या स्कूटरवर, माझ्या पायांत बसून येतं.
उचलणार मी.
ज्याला उचलायचा, त्याने निवडावा.
हे फोनवर म्हटलं नाही. रेंज गेली म्हटलं.

"दहाचो नाय?"
"दहाचो नाय."
भरला की वीस किलो,
म्हणजे दर्शना दुसरीत होती तेवढी.
ती झोपली की खांद्यावर टाकून आणायचे जत्रेतून,
पण तिला हात होते, गळ्यात टाकायला.
याला वरती तीन मुठी, शेजारीशेजारी.
"तीन कित्याक रे?"
"मधली एकट्यान धरूची. बाजूच्यो दोघांनी."

तिसऱ्या दिवशी पंपावर.
पोरगा म्हणाला, "काकी, स्कूटरवर नको, खाली ठेवा,"
आणि मी सांगायच्या आधी
वरची चार बोटं रिकामी सोडली.
शहाणा निघाला. कुणाचा ते विचारायचं राहिलं.

घरापासून धक्क्यापर्यंत सगळी वाळू.
मी मधल्या मुठीला हात घातला,
तर दर्शना अभ्यास टाकून आली
आणि बाजूची धरली, न बोलता.
दहा पावलं नीट गेली.
मग तिची ढांग मोठी, माझी आखूड,
कॅन कधी तिच्या गुडघ्यावर, कधी माझ्या.
"हळू चल." "तूच जोरात चल."
आत पेट्रोल डुचमळतं, ते तिसरंच माणूस.

सुरूच्या सावलीत टेकवला, श्वास घेतला.
उचलताना तिने कॅन फिरवला,
पोचा असलेली बाजू स्वतःकडे घेतली.
तिथे म्हणे गुडघ्याला जागा मिळते.

उद्या ती बाजू माझी, असं ठरलंय.