अकरा नंबर

मुकादमाने शिट्टी मारली आणि म्हणाला,
'कॉलेजातनं बाई आल्यात, सह्या करा गं सगळ्या.'
तुर्भ्याच्या मार्केटात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यामागे,
बारा मिनिटांत तीस सह्या.
त्यातले एकवीस अंगठे.
माझा प्रबंध तिथेच अर्धा झाला असता.

डिंगणकर मॅडमनी कागद चाळले,
चष्मा काढून टेबलावर ठेवला.
'ही बायांची संमती नाही. मुकादमाची आहे,
तीस वेळा.'
फाडले मीच. नेरूळच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
फाडण्याचा आवाज बराच वेळ चालला.

मग एकेकीला, टपरीपाशी, मुकादम जेवायला गेला की.
संमतीपत्र तीन पानी, मराठी माझीच,
तरी वाचताना मीच अडखळायचे.
'गोपनीयता म्हंजी?'
कुणाला सांगणार नाही.
'मंग तसं लिव की.'
खोडून तसं लिहिलं.
'आनि न्हाई म्हनलं तर मुकादम खाडा मांडंल?'
नाही.
'तुला काय ठावं?'
मला ठाऊक नव्हतं.
यादी त्याला दाखवणार नाही,
एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेवढंच मग म्हटलं.

विषय झोपेचा होता.
किती वाजता पडता, किती वेळा जाग येते,
जाग आल्यावर काय करता.
या तिसऱ्या प्रश्नावर
अकरा नंबरने चहाचा ग्लास खाली ठेवला
आणि सत्तेचाळीस मिनिटं बोलली.

इथे ते यायला हवं होतं.

घरी येऊन मी तीनदा ऐकलं. खरं सांगते,
मला आनंद झाला होता.
असं वर्गात कुणाकडेच नाही, या भुकेने
मी आईकडे एक पोळी जास्त मागितली.

सोळाव्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकाशी उभी.
हजेरी बुडवून आलेली, वॉचमन आत सोडेना.
'म्या बोलले त्ये काढून टाक.'

कागदावर होतं: चौदा दिवसांत माघार घेता येईल.
चौदा हा आकडा मीच घातलेला,
कुठल्याशा जुन्या नमुन्यातून उचलून.
तिच्या खोलीत कॅलेंडर आहे का, विचारलं नव्हतं.
नियम माझ्या बाजूने होता,
दोन दिवसांएवढा रुंद.
त्यावर मी उभी राहिले, थोडा वेळ.
हेही नोंदवते.

मग फाटकातच, तिच्यासमोर, फोन काढला.
पुसलं. पुसलेल्याच्या खोक्यातूनही पुसलं.
लॅपटॉप वर होता. ती वर आली,
वॉचमनच्या वहीत नाव न लिहिता;
त्यावरून मी त्याच्याशी भांडले.
तिने पडद्याकडे पाहिलं,
निवडलेल्या सुपाकडे शेवटचं पाहावं तसं.
'समदं गेलं?'
समदं.
'आनि तुज्या डोस्क्यातलं?'

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर म्हणाले,
एकोणतीसच? तीस असते तर बरं दिसलं असतं.
एकीने माघार घेतली, सर.
कारण?
कारण विचारायचं नसतं.
मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या,
खाडीच्या बाजूला, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

डोक्याचं मी तिला खरं ते सांगितलं होतं,
की ते पुसता येत नाही.
ती जिन्यात थांबली.
'ऱ्हाऊ दे मंग. पर तितंच ऱ्हाऊ दे.'

म्हणून हे इथवरच.
ती कांदे निवडते असं लिहिलंय; लसूण असेल.
अकरा हा तिचा नंबर नसेलही.
मिनिटं मात्र सत्तेचाळीसच होती,
आणि रात्री जाग आली की मी काय करते
हे अजून मला कुणी विचारलेलं नाही.