दहा हजार ओहमचे दोन

टोलीडोत मार्च म्हणजे
गटाराच्या कडेला काळा पडलेला बर्फ.
तळघरात मी. समोर पेपरमिंटच्या गोळ्यांचा रिकामा डबा,
त्याला तीन भोकं: दोन आत यायला, एक बाहेर जायला.
सोल्डरिंगची कांडी वांडा याब्लॉन्स्कीच्या नवऱ्याची,
मूठ त्याच्या हाताने झिजलेली. "ठेवून घे," म्हणाली,
"मला काय डाग द्यायचेत आता?"

वर अच्युत. कानांवर हेडफोन, टीव्हीवर बास्केटबॉल.
डावा कान गेला, उजवा चाललाय.
भात लावू का, विचारावं
तर मान हलते ती स्कोअरला.

आवाज थेट आवाजाला जोडायचे नसतात.
जोर असलेला दुसऱ्याच्या पोटात शिरतो
आणि बसतो दाबून.
म्हणून प्रत्येकाच्या वाटेत एक प्रतिरोध:
तपकिरी, काळा, केशरी. दहा हजार ओहम.
तांदळाएवढा दाणा, त्याने फक्त म्हणायचं,
थांब, जरा दमाने.
पुढे मग दोघांना एकच तार.
मिसळले की दोघेही निम्मे होतात, एवढा तोटा धरायचा.
आवाजाचं बटण आहे त्याच्याकडे. वाढवेल.

पहिल्यांदा जोडलं तर नुसती घुंऽऽऽ.
मिरजेला आमच्या रेडिओतही असायची,
पण ती खालची. तिकडे विजेची पन्नास आवर्तनं, इथे साठ.
तिथल्या घुंला सा धरला
तर इथली बरोबर कोमल गंधार.
तेहेतीस वर्षं मी या स्वरात फ्रीज उघडतेय
आणि आज कळतंय.
वायरीच्या जाळीचं एक टोक सोडलं. गंधार गेला.
थोडं चुकल्यासारखं झालं.

स्वयंपाकघरात जुना टेपरेकॉर्डर, त्याला माइक,
रेकॉर्ड आणि पॉज दोन्ही दाबलेले,
म्हणजे कॅसेट हलत नाही, आवाज तेवढा पुढे जातो.
ठरवलं होतं, पहिलं वाक्य नीट बोलायचं.
काय, ते सुचेना.
आमटी हलवली, पळीतून तळहातावर थेंब घेतला,
आणि आपल्याशीच पुटपुटले,
"मेलं मीठ जास्तच झालं."

बाहेरच्या खोलीतून, हेडफोनवाले बोलतात तसा
उगाच चढलेला आवाज:
"एक बटाटा टाक ना!"